साखळीचे दात

वादळात पडलेला अ‍ॅशचा बुंधा
अंगणात आडवा.
तेल भरलं, साखळी ताणली, दोरी ओढणार
तोच आईने खिडकीच्या काचेवर अंगठी वाजवली:
"फिंटन, ते यंत्र ओढ्यापलीकडे ने. इथं नको."

तीस वर्षं हेच.
मला वाटायचं, आवाज सोसत नाही.

जुलैत भाचीच्या पदवीदानाला एडिंबरोला गेलो.
पार्किंगचा एक तास उरला होता,
म्हणून शिरलो वैद्यकीच्या संग्रहालयात.
काचेखाली एक साखळी,
खिशातल्या घड्याळाची असावी इतकी नाजूक,
एका कडेला बारीक दात,
दोन्ही टोकांना धरायला मुठी.
खाली पाटी:
अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाचं हाड कापण्यासाठी.
दोनदा वाचलं. मग मागे सरून आणखी एकदा.

झाडं नंतर आली.
आधी बायका होत्या.

आईच्या वेळी साखळी नव्हती, सुरी होती;
हात मात्र त्याच घराण्यातले.
लाउथमधलं इस्पितळ, सत्तावन्न सालचा फेब्रुवारी.
कागद मिळायला पंचेचाळीस वर्षं लागली,
आणि त्यात एवढंच:
अट्रॅक्टा मॅकगीनी, वय एकोणीस, पहिलटकरीण.
सांधा मोकळा केला. मुलगा. दोघंही ठीक.

ठीक.

पोट फाडलं असतं तर म्हणे
तीन-चार मुलांवर थांबावं लागलं असतं,
आणि तिथल्या देवाला मोजकी मुलं खपत नसत.
तिला कुणी विचारलं नाही.
दोन नर्सनी पाय धरले,
तिसरी जपमाळ ओढत होती.

मला सांगितलेलं इतकंच की तुझं डोकं मोठं होतं.
टोपी घ्यायला गेलो की दुकानदार हसायचा,
आई नाही.
नाचाच्या हॉलमध्ये ती दाराशी उभी,
सगळ्यांचे कोट सांभाळत.
बस सुटली तर सुटू द्यायची.
आणि मला भाऊ-बहीण सोडाच,
वडिलांची खाटही पुढे वेगळ्या खोलीत.

भाची बहिणीची नव्हे, बायकोच्या बहिणीची.

परतल्यावर तिने विचारलं, काय पाहिलंस तिकडे?
"किल्ला," म्हणालो.

यंत्र परत शेडमध्ये ठेवलं.
आजोबांची हातकरवत काढली, गंजकी.
दिवेलागणीपर्यंत बुंधा अर्धाच झाला,
तळहाताला दोन फोड.

ती चहा घेऊन आली. तीन पायऱ्या,
खेकड्यासारखी आडवी, एकेक.
बुंध्यावर टेकली.
चिमटीत भुसा घेतला, चोळला, वास घेतला.
"ओला आहे रे अजून," म्हणाली.