प्लास्टर घट्ट होईपर्यंत

कुताइसीच्या चढावर, औषधांच्या दुकानामागे
लामाराचा दातांचा कारखाना:
दोन टेबलं, एक भट्टी,
खिडकीत वाळत ठेवलेले तेरा जबडे, सगळे गप्प.

पहिल्या दिवशी विचारलं, घड्याळ कुठंय?
तिनं पाण्यात प्लास्टर कालवलं, साच्यात ओतलं,
माझा अंगठा धरून त्यावर टेकवला.
"तापलं की सांग."

घट्ट होताना प्लास्टर तापतं, मग निवतं.
तेवढ्यात एक काम.
एकच.
मेणात दात बसव, नाहीतर बिलं लिही,
नाहीतर खिडकीबाहेर बघ,
पण मग नुसतं बघच.
मी तिन्ही एकदम करायला गेलो
आणि नोदार मास्तरांची वरची दाढ
खालच्या जबड्यात जाऊन बसली.
ती रागावली नाही. मेण वितळवत म्हणाली,
"एक ना धड, भाराभर दात."

फोन ड्रॉवरमध्ये.
अकराला एकदा काढायचा, चारला एकदा.
मधल्या वेळात तो आतून गुरगुरे,
काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा:
झालं का, झालं का.
विचारल्यानं प्लास्टर लवकर घट्ट होत नाही.
महिन्याभरात दवाखान्यातले डॉक्टरही
बरोब्बर अकराला चिडायला शिकले.

ज्याला हात लावायला जीव कचरतो
ते चार दातांचं ब्रिज सकाळी, कॉफीच्याही आधी.
यादी सिगारेटच्या पाकिटामागे;
तीनच ओळी मावतात.
चौथं काम आलं तर तिघांतल्या एकाला
उठवून जागा करायची, बाकावर करतात तशी.

आणि संध्याकाळी काम संपवून उठायचं नाही.
शेवटचा दात अर्धाच कोरलेला, सुरी शेजारी.
"उद्या सकाळी येईल त्या बाईला
वाट विचारत फिरायला नको."
ती बाई म्हणजे तीच.

एवढं मला पटलं.
पटली नाही ती वहीतली तीन ते पावणेचारची
रोजची रिकामी चौकट.
दोनदा मी तिच्यात काम कोंबलं,
दोनदा तिनं रबरानं खोडलं.
"कोण येणार आहे?"
"माहीत नाही. म्हणून तर."

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत
ओतारी आला, तोंडावर पंजा धरून.
रुमालात कवळीचे दोन तुकडे.
संध्याकाळी नातवाचं लग्न, आणि हा तमादा:
वीस-बावीस वेळा पेला उचलून बोलायचं,
गेलेल्यांसाठी, येणाऱ्यांसाठी, जमिनीसाठी,
आणि बिनदातांच्या तोंडातून त्या सगळ्यांची
नुसती हवा होऊन जात होती.
तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.
लामारानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मी साचा धरला, तिनं तुकडे जुळवले.
पावणेचारला त्यानं कवळी चढवली,
आधी स्वतःचं नाव म्हणून पाहिलं,
मग नवरीचं, जरा कठीण होतं ते,
मग आमचा पाण्याचा ग्लास उचलला,
पाण्यानं करत नाहीत म्हणून माफी मागितली,
आणि तिच्या हातांसाठी बोलला.
बराच वेळ.
ड्रॉवर गुरगुरत राहिला.

तेव्हा कळलं असं नाही म्हणणार.
तो वेळ जातो, ती वेळ येते,
आणि वहीत दोघांना एकच चौकट,
एवढंच लक्षात राहिलं.

आता तिची नजर गेली; बातुमीला लेकीकडे असते.
कारखाना माझा. भिंतीवर घड्याळ लावलंय.
तीनची चौकट ठेवतो. बहुतेक ठेवतो.
परवा तिच्यात कराचे कागद भरले,
आणि दारावर कुणीतरी टकटक करून
परत गेलं. कोण, ते कळलं नाही.

आज तीनला कुणी आलं नाही.
प्लास्टर ओतून बसलोय, अंगठा टेकवून.
अजून गार आहे.