शेष

शिकलगार सर फळ्यावर लिहून गेले
क्ष³ − ४क्ष² − ७क्ष + १०
अवयव पाडा.
सहगुणकांची बेरीज शून्य, म्हणजे एक हे मूळ.
भागलं. मग पाच सापडले,
आणि उणे दोन, बराच वेळ लपून बसलेले.
तीन कंस. खाली शेष: शून्य.

रात्री कोइमतूरहून आबांचा फोन,
मागं गलाईच्या भट्टीची घरघर.
"काय करतीस?"
"अवयव पाडतीया."
"म्हंजे आमचंच की!
जुना डाग तेजाबात टाकायचा,
तांबं सुटतं, चांदी सुटती,
तळाला उरतं ते सोनं."

मी पेन्सिल थांबवली.
माझ्याकडं काही उरलं
तर सर लाल रेघ मारतात.

विट्याच्या दसऱ्याला आबा येतात,
पालखी पळते तेवढी बघतात,
चौथ्या रात्री गाडी.
आलेख असाच कधी अक्षाला नुसता टेकतो
आणि ओलांडायच्या आधी माघारी वळतो.
त्याला दुहेरी मूळ म्हणतात.
आईला हे सांगितलं,
ती म्हणाली, दूध उतू जाईल, बघ.

गृहपाठाच्या खाली, समासात,
३६५ − ४ लिहिलं.
बरोबरचं चिन्ह
काढलं नाही.