सुई बोटांत फिरते का

पर्थशरच्या त्या उतारावर
कुण्या जमीनदाराने हौसेने लावलेली झाडं आहेत.
जंगल नव्हे.
जंगलात कुणी कुणाला नंबर देत नाही.
इथे खोडाखोडावर जस्ताची पट्टी,
पट्टीवर नाव, साल, बी कुठलं ते:
ओरेगॉन, होक्काइडो, अॅटलासचे डोंगर.
बोटीच्या पोटातून, कोरड्या वाळूत निजून आलेलं बी.

इशबेल गेडिस इथे एकोणतीस वर्षं.
तिच्याकडे शिडी, करवत
आणि पट्टीवर अक्षरं ठोकायचं जुनं यंत्र,
त्याचा एस कायम तिरका पडतो.

सप्टेंबरच्या वादळात
चारशे सत्तावन्नचा शेंडा मोडला.
फरचा शंकू झाडावरच विरतो, खवला-खवला सुटून;
अख्खा कधी खाली येत नाही.
या वेळी सात आले. हिरवट, राळेने चिकट.
एडिंबराहून आलेला तज्ज्ञ
ओल्या गवतात गुडघे टेकून बसला
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

मग म्हणाला, नोबल फर नव्हे हा.
सुई चिमटीत धरा. फिरवा.
नोबलची चपटी असते, अडते.
ही बघा.

फिरली.

एकशे बारा वर्षं
माळी आले, मालक बदलले, शाळेच्या सहली आल्या,
सगळ्यांनी पट्टी वाचली.
सुई कुणी फिरवली नाही.
आणि झाड?
झाड आपलं लाल फर होत राहिलं,
वर, जिथे कुणी वाचायला येत नव्हतं.

जुनी पट्टी निघेना.
साल खिळ्यावरून वाढून आलेली,
अर्धं नाव गिळलेलं.
इशबेलने पक्कड लावली, ओढली,
मग सोडून दिली.
नवी पट्टी शेजारी, स्प्रिंगवर, सैल टांगली.
एस तिरकाच.

गुरुवारी ती आईला भेटायला गेली.
आई खिडकीशी. पायांवर शाल.
"एफी, जेवलीस का गं?"
एफी थोरली. एफी तळ्यात गेली, इशबेल तीन वर्षांची असताना.
पूर्वी इशबेल दर वेळी दुरुस्त करायची.
"जेवले," ती म्हणाली.
खिशात एक सुई राहिली होती.
बोटांना राळेचा वास.

सोमवारपासून बाकीचे फर तपासायचे आहेत.
दोनशे अकरा.