फॉर म्हणजे साठी

रुकडीच्या शाळेत उपाध्ये सरांनी
फळ्यावर तीन अक्षरं काढली आणि म्हणाले,
फॉर म्हणजे साठी. म्हणा.
आम्ही म्हटलं.
मागच्या बाकावरनं कुणीतरी ‘फोर!’ ओरडून
चेंडू टोलवल्यागत हात फिरवला.
छडी मला बसली.
दुसऱ्याकरिता खाल्लेली ती पहिली.

पुढं शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवर
टाइपरायटरपुढं बसवलं मला,
तेव्हा कळलं, हा शब्द सहीच्या डोक्यावर बसतो.
पत्राच्या तळाला, उजवीकडं
फॉर नेजदार अँड कंपनी,
मग दोन बोटं जागा,
मग मी.
राजकोटला रवे गेले, मी सही केली.
ट्रक वाटेत भिजला, गूळ पाझरला,
तेव्हा खेदही मीच कळवला :
खेद नेजदारांचा, शाई माझी.
अडतीस हंगाम.
किती काळ, हे सांगायलाही फॉरच लागतो.

तसा शब्द कामाचा.
गोदामावर पाटी लागली की विकायला उभा,
सभेत हात वर झाले की बाजूनं उभा,
कुणी आपल्याला खुळा समजलं तर मधे हाच,
आणि जुन्या पुस्तकांत तर चक्क ‘कारण’ होतो,
वाक्याच्या मधोमध, कोट घालून.

आपल्याकडं एवढं एकट्यावर टाकत नाहीत.
भाड्यापोटी, व्याजापोटी,
पोराच्या हट्टापायी.
आपल्या शब्दाला पोट आहे, पाय आहेत,
त्याला भूक लागते, त्याच्या चपला झिजतात.
इंग्रजीतला हा बिनपोटाचा, बिनपायाचा,
वर्षानुवर्षं कुरकुरला नाही.
(माझ्याबद्दल नाही बोलत.)

परवा साठी भरली.
सरांनी हे सांगितलंच नव्हतं
की साठी म्हणजे हेसुद्धा.
राजमतीनं ओवाळलं, म्हणाली,
बुद्धी नाठी व्हायचं वय, जपा.
म्हटलं, ती अडतीवर जमा आहे, पावतीसकट.

बँकेत ज्येष्ठांच्या ठेवीचा फॉर्म दिला.
फॉर्ममधेही हाच, शेपूट लावून.
नाव लिहिलं : पायगोंडा आदगोंडा मगदूम.
सहीपाशी आलो
आणि हातानं आपसूक लिहिलं, फॉर.
पेन थांबलं.
फॉर कोण?

काउंटरवरच्या पोरीनं नवा फॉर्म दिला.
हसली नाही, बरं वाटलं.
तळाला एक चौकोन होता,
वर बारीक छापलेलं : फॉर ऑफिस यूज ओन्ली.
‘काका, तिथं काही लिहू नका हं.’
मी बघत राहिलो त्या चौकोनाकडं.
अगं, तिथं तर मी राहिलोय.
कोपरा न् कोपरा ठाऊक आहे मला,
मुंगळ्यांसकट.

सही वरच्या रेघेवर केली.
डोक्यावर कुणी नाही म्हणून असेल,
जरा वाकडीच आली.

पायरीवर राजमती बसलेली.
‘एवढा येळ कुणासाठी थांबलायसा?’
म्हटलं, चल, रंकाळ्याकडनं जाऊ.
‘कशाला?’
कशाला म्हणजे कशासाठी.
उत्तर नव्हतं.
गेलो.