अंथरूण

ग्वेनेथने कुंपणावरून विचारलं,
जावं का गं त्या मोटारहोमच्या प्रदर्शनाला?
पैसे वसूल होतात?

तिकीट बारा पौंड. पार्किंग फुकट, म्हणजे चिखल फुकट.
सॉमरसेटचं ते मैदान, उन्हाळ्यात जिथे
गाईबैलांना पदकं मिळतात,
फेब्रुवारीत तिथे पाय उचलला तर पाय येतो,
गमबूट तिथेच राहतो.
बर्गरला अर्धा तास रांग.

नऊ वर्षं जातोय आम्ही.
नऊ वर्षांत घेतलं ते हे:
पाण्याच्या नळीची जोडणी, एक,
न घसरणाऱ्या चटया,
आणि एक घडीची बादली, जी मिटली ती मिटलीच.
गाडी नाही घेतली.

डेन्झिल सहा फूट चार इंच.
खिशात स्वतःची टेप, कारण छापील आकड्यांवर
त्याचा भरवसा नाही.
इंजिन बघत नाही, छतावरचे सौर पट्टे बघत नाही,
खुराड्यात शिरावं तसा वाकून शिरतो,
थेट मागे जाऊन पलंगाला टेप लावतो
आणि आकडा मोठ्यांदा म्हणतो.
एकशे अठ्ठ्याऐंशी.
एकशे पंच्याऐंशी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य,
पण बेचाळीस वर्षं घरच्या पलंगाबाहेर
त्याची पावलं थंडीत पहारा देतायत,
त्यांना कुणी विचारलं?

यंदा सापडलं.
तिसऱ्या तंबूच्या टोकाला, जर्मन बनावटीची,
किंमत वाचताना मी चष्मा काढून ठेवला.
दोनशे दोन सेंटिमीटर.
त्याने पुन्हा मोजलं.
मग बूट काढले, दाराशी जोडीने लावले
(डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक. मी रफू करणार होते.)
आणि प्लॅस्टिक घातलेल्या गादीवर उताणा झाला.
टाचांच्या पुढे गादी उरली.
माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही.
झोपला.

विकणारी मुलगी, तमसिन, छातीवर नावाची पट्टी,
मघाशीच मला विचारून गेली होती:
साडेतीन टनांच्या वरची आहे ही,
परवाना कोणता, साहेबांचं वय काय?
जूनमध्ये सत्तर, म्हटलं.
सत्तरीला मोठ्या गाडीसाठी डॉक्टरचा कागद लागतो,
आणि डेन्झिलच्या डाव्या डोळ्याचं
आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.
आता ती परत आली. वाटलं, उठवणार.
तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

मी सोफ्यावर बसले. लोक येतच होते.
पायरीवर थबकून विचारायचे, येऊ का?
या ना, मी म्हणायचे, जरा हळू, हे झोपलेत.
आणि लोक चक्क बूट काढायचे!
एका जोडप्याला मी कपाटं उघडून दाखवली,
चमच्यांचा खण, कपांच्या खुंट्या,
जणू रोज मीच पुसते ते.
बाईने विचारलं, हिवाळ्यात गारठत नाही?
छे, म्हटलं. पोर्तुगालला तर मुळीच नाही.
(पोर्तुगाल आम्ही पाहिलेलं नाही.)
फ्लास्कमधला चहा होता, झाकणात ओतून तिला दिला.

चाळीस मिनिटं.
उठला तेव्हा गालावर प्लॅस्टिकची घडी उमटलेली.
वाजले किती, म्हणाला.
तमसिनला सांगितलं, गादी चांगली आहे.
अंधार पडायच्या आत निघालो. मी चालवत होते.
बऱ्याच वेळाने, एका गोल चौकात, तो म्हणाला,
पुढच्या वर्षी टेप नको न्यायला.
म्हणजे पुढच्या वर्षीही जायचंय.

ग्वेनेथ अजून कुंपणाशी उभी, हातात कात्री.
बारा दुणे चोवीस, बर्गरचे अठरा.
वसूल म्हणजे काय, ते तिला कसं मोजून देऊ?
चहा घरून ने, म्हटलं.
आणि मोजे धडके घाल.