हं

रामबागेतल्या आमच्या घरात
"हं" हे पूर्ण वाक्य आहे.
बाबा पेपरमागून म्हणतात, म्हणजे ऐकलं.
आई कणीक मळताना म्हणते, म्हणजे नंतर बोलू.
काकूचं लांब हं म्हणजे जमलेलं लग्न मोडलं,
आखूड असेल तर चहा टाक.
हे सगळं मला न शिकवता येत होतं.
तिथेच घात झाला.

पुण्याहून शेवटचं विमान, जानेवारी,
हवा धुरकट.
डावीकडे कॅप्टन रणदिवे, एकोणीस हजार तासांचे.
उजवीकडे मी, चारशे अकरा.
दहा हजार फुटांखाली
कामाशिवाय अक्षर काढायचं नाही, असा नियम.
पण ते मराठी, मीही,
आणि त्यांना विचारायचं होतं
गराडू अजून सराफ्यातच चांगला मिळतो का.
मी सांगत होते, नाही सर, आता तर
आणि मध्येच इंदूर बोललं:
टर्न लेफ्ट, हेडिंग टू फाइव्ह झिरो.

मी परत म्हटलं, टू फाइव्ह झिरो.
खणखणीत. टेपवर आहे.
त्यांच्या बोटांनी बटण फिरवलं
आणि समोरच्या चिमुकल्या चौकटीत उमटलं
दोन, शून्य, पाच.

पाहिलं मी.
दुसरीत असताना पंचवीस ऐकून
मी बावन्न लिहायची.
आधी पाच ऐकू येतो, मग आधी का नाही लिहायचा?
कानडेबाईंनी ती वही वर्गभर फिरवली.
तेव्हापासून आकडा उलटा दिसला
की मी आधी स्वतःला खोडून बघते.

"सर, टू फाइव्ह..."
एवढंच म्हटलं.
ते म्हणाले, "हं."

आणि मी त्याचा अर्थ लावला.
ठाऊक आहे गं, असा लावला.
बघतोय ना मी, असाही.
एकोणीस हजार तासांचं हं,
त्याला चारशे अकरांनी
पुन्हा काय विचारायचं!

मग इंदूर सरकू लागलं.
नाकासमोर यायला हवं होतं ते
हळूहळू माझ्या बाजूच्या काचेत आलं,
बायपासची माळ, पिवळट ठिपके,
त्यांत कुठेतरी आमची गच्ची.
आणि पुढे सिमरोळकडचा घाट,
एक दिवा नाही.
घराच्या इतक्या जवळ
इतका काळोख असतो, हे मला माहीत नव्हतं.
घर उजवीकडे कसं, घर उजवीकडे कसं,
एवढंच मनात येत राहिलं.
बावीस सेकंद.
तीही टेपवर आहेत,
म्हणजे तिथे काहीच नाही.

"कन्फर्म हेडिंग."
खालून एका बाईचा आवाज,
भाजीचा भाव पुन्हा विचारावा इतका साधा.
रणदिवे दचकले.
हात आधी चालले, तोंड नंतर.
"अगं, बोलली का नाहीस?"
"बोलले, सर."
मग दोघंही गप्प, पण आता कामाचे गप्प.
उतरलो. कुणाला काही कळलं नाही.
मागे एका बाळानं फक्त
रडण्याचा सूर बदलला होता.

चौकशीच्या कागदावर प्रश्न होता,
सहवैमानिकाने चूक निदर्शनास आणली काय?
हो. नाही. दोन चौकोन.
मी पेन बराच वेळ
मधल्या कोऱ्या जागेवर धरून बसले.

घरी पोहोचले तेव्हा
बाबा सकाळचाच पेपर पुन्हा वाचत होते.
"रक्तदाबाची गोळी घेतलीत?"
"हं."
"कुठली घेतली? किती वाजता? सांगा परत."
पेपर खाली आला. चष्म्यावरून पाहिलं त्यांनी,
जेवढं गेल्या वर्षभरात पाहिलं नव्हतं.
"हे काय गं नवीन?"

मी फडताळ उघडलं, पाकीट काढलं, मोजल्या.
एक जास्त होती.