अजून एक

वेळ मोजणारे वेगळे, अंतर मोजणारे वेगळे.
मी फेऱ्या मोजते.
पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा,
आणि माझ्या मांडीवर पुठ्ठ्याचे आकडे, कडा झिजलेले.
कोपरीच्या शाळेत एकतीस वर्षं पी. टी. घेतलेल्या बाईवर
एवढा विश्वास टाकायला हरकत नसते.

शेजारी वैती, आमच्याच शाळेचा शिपाई.
स्टेडियमची घंटा दुपारीच रुसली, बटणाची होती,
म्हणून त्यानं स्कूटरवर दोन पायांत धरून
शाळेचा टोल आणला:
पितळी, मधोमध ठोके खाऊन खोलगट झालेला.

सहा देशांचे झेंडे काठ्यांना चिकटून उभे.
वारा नव्हताच.
खाडीकडून येतो तो चिखलाचा वास,
आणि दिव्यांभोवती चिलटांचे ढग.

नियम असा, की प्रत्येक देशाची एकच मुलगी.
पहिलीला सहा गुण, शेवटचीला एक.
अर्ध्यात सोडलं तर काही नाही.

मालदीवची पोरगी तिसऱ्या फेरीतच मागे पडली.
कागदावर नाव होतं हव्वा रिशफा.
माइकवाल्याच्या तोंडात जोडाक्षर बसेना,
तो म्हणाला, “हवा.”
झालं.
स्टँडात पालिकेच्या शाळांतली पोरं, बसमधून आणून भरलेली,
बिस्किटाचे पुडे संपलेले, आता काय करायचं ते कळेना झालेली,
सगळी मिळून ओरडायला लागली, “हवा! हवा!”
त्या उकाड्यात
ते नाव होतं की मागणी,
सांगता येत नव्हतं.

श्रीलंकेची मुलगी पुढे होती, फार पुढे,
एवढी पुढे की वळून आता हव्वाच्याच पाठीशी आली.
तिची शेवटची फेरी. वैतीनं टोल दिला.

आणि हव्वानं तो ऐकला.

काय पळाली ती!
मघापर्यंत पाय ओढणारी,
खांदे सोडून, तोंड उघडं टाकून
श्रीलंकेला फेरीभर पुढे येऊ दिलं नाही.
दोघी जवळजवळ बरोबरच रेषेवर आल्या.
एक जिंकली.
दुसरीनं हात वर केले आणि गुडघ्यांवर बसली.

मी उठले.
माझ्या हातात जो आकडा होता
तो दाखवायला मला जन्मात इतकं जड गेलं नव्हतं,
नापासांची यादी लावतानाही नाही.
“1.”

तिनं पुठ्ठ्याकडे पाहिलं.
मग माझ्याकडे,
जणू मीच ती फेरी घरून डब्यात घालून आणली होती.

बाकीच्या एकेक करून आल्या, आडव्या झाल्या.
रिलेच्या मुली बॅटन हातात घेऊन कंटाळल्या.
पाहुणे घड्याळ बघत होते; त्यांना बक्षिसं देऊन घोडबंदर गाठायचं होतं.
मालदीवची कॅप्टन जाळीला नाक लावून उभी,
ओरडली नाही.
फक्त एक बोट वर केलं.

हव्वा उठली.

“बाई, हिला टोल द्यायचा का?”
रेफ्री म्हणाला, गरज नाही.
वैतीनं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं;
त्यानं टोल दिला, आणि सवयीनं तो
शाळा सुटल्याचा दिला,
लांबलचक, घाईघाईचा, थांबतच नाही असा.
स्टँडातली निम्मी पोरं दप्तर शोधत उभी राहिली.
उभी राहिली ती मग बसलीच नाहीत.
सबंध फेरीभर “हवा, हवा,”
पाठीमागून ढकलल्यासारखी.

नंतर कॅप्टननं मला मोडक्या हिंदीत सांगितलं,
हिच्या बेटाला एक वेढा म्हणजे अठराशे मीटर;
रोज पहाटे ती तीन घालते,
डाव्या हाताला कायम समुद्र असतो,
आणि तिथं मोजायला कुणी नसतं.

ती आली. झोकांड्या खात, पण आली.
फलकावर मालदीव एक्केचाळीसचे बेचाळीस झाले.
सहावेच होते, सहावेच राहिले,
पाचव्यापासून एकोणीस गुण लांब.
कॅप्टननं मनगटावर पेनानं लिहिलेला आकडा
थुंकी लावून पुसला
आणि नवा लिहिला.

वैती टोल गोणपाटात गुंडाळत होता.
म्हणाला, “लवकर निघू, बाई.
उद्या सातची शाळा आहे.”
मी आकडे एकावर एक रचले.
वरचा काही केल्या
नीट बसेना.